दुसऱ्यांदा कोण आवळणार?

साशंक : या चाळणीच्या ड्रॉइंगवर साइड प्लेटला क्रॉस मेंबर जोडायला तू सगळीकडे नट-बोल्ट दाखवले आहेस. माझा पहिला आक्षेप इथेच. खडी क्रशरवरची चाळण मिनिटाला ९०० फेरे घेते, स्ट्रोक १० मिलिमीटरचा. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेचारपट जोरानं सगळं धूड एकदा इकडे, एकदा तिकडे फेकलं जातं. तासाला ५४ हजार हिसके, आठ तासांच्या पाळीत सव्वाचार लाखांहून जास्त, महिन्याला कोटभर. जे पान्यानं फिरवून बसवता येतं, ते इतक्या हिसक्यांनी उलटं फिरणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. माझा जन्म मेंटेनन्समध्ये गेला. सकाळी चहाच्या आधी पाना घेऊन चाळणीभोवती फेरी मारणारं पोरगं प्रत्येक क्रशरवर असतं. त्याला पगार कशाचा मिळतो? तुझ्यासारख्यांच्या ड्रॉइंगमधले बोल्ट रोज नव्यानं आवळण्याचा.

उत्साही : मग वेल्डिंग करू? वेल्डिंगला ना भोक, ना वायसर, ना आवळणं. सांधा एकदाच खेचून तोडायचा असेल, तर चांगली वेल्ड प्लेटला हार जात नाही. पण चाळण एकदा खेचली जात नाही, कोट्यवधी वेळा हलवली जाते, आणि तिथे हिशेबच बदलतो. युरोपच्या पोलादी बांधकामाच्या मानकात प्रत्येक प्रकारच्या सांध्याला थकव्याचा एक आकडा दिलेला आहे. वीस लाख आवर्तनं सोसायची असतील तर ताणाचा चढउतार चौरस मिलिमीटरला किती न्यूटनपर्यंत चालेल, ते तो आकडा सांगतो. साध्या रोल केलेल्या प्लेटला तो १६०. दोन्ही अंगांनी पट्ट्या लावून उच्चताण बोल्टांनी नीट आवळलेल्या सांध्याला ११२. आणि भार वाहणारी साधी फिलेट वेल्ड, जिच्या मुळाशी प्लेटी पूर्ण वितळून एक झालेल्या नाहीत, तिला ३६. बरं, पोलाद भारीतलं घेतलं म्हणून वेल्डचा आकडा वाढतो असंही नाही. चीर सुरू होते ती वेल्डच्या कडेला किंवा मुळाशी राहिलेल्या बारीक खाचेतून, आणि ती खाच स्वस्त पोलादात जेवढी घातक, तेवढीच महागात. म्हणून चाळणी बनवणारे जाणते लोक साइड प्लेटला वेल्डिंगचा टाकासुद्धा मारू देत नाहीत.

साशंक : वेल्डिंगची वकिली मी करतच नव्हतो. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला, संथ पाण्यात उभं असताना मोडलं. जवळजवळ दोन तुकडे. सगळं वेल्ड केलेलं. रिव्हेटच्या जहाजात चीर प्लेटच्या काठाशी येऊन थांबण्याची शक्यता असते, कारण पुढची प्लेट वेगळी. वेल्डच्या जहाजात मध्ये काठच नाही; बिनजोड कापड टरकावं तशी चीर डेकपासून खाली उतरली. नंतर त्या काळातल्या जहाजांवर चीर अडवायला काय बसवलं? रिव्हेटनं जोडलेल्या पट्ट्या. आणि गंमत बघ, पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९४३ मध्ये आपला हावडा पूल खुला झाला. साडेसव्वीस हजार टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांचं, आणि सगळा पूल रिव्हेटचा. नट-बोल्ट नाहीत. आजही लाखांनी माणसं त्यावरून जातात. तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. जे उघडायचं नाही ते उघडता येईल असं करूच नये.

उत्साही : स्केनेक्टडीचा सगळा दोष वेल्डच्या माथी मारू नका. ते पोलाद थंडीत काचेसारखं वागणारं होतं, आणि वेल्डिंगचं कामही घाईचं होतं. पण ते राहू द्या. हावडा पुलाच्या रिव्हेटमागे माणसं किती होती ते बघा. एक भट्टीवर रिव्हेट लालभडक तापवणारा, एक तो झेलून भोकात घालणारा, एक मागून टेकू धरणारा, एक घण चालवणारा. रिव्हेट निवताना आखडतं आणि प्लेटी कचकन आवळतं, हे खरं. पण किती आवळतं? प्रत्येक रिव्हेटचं उत्तर वेगळं, म्हणून डिझाइन करताना ती पकड हिशेबात धरायची सोयच नसे. अशी चौकडी आज तुम्ही कुठून आणणार? सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३७ चा. भूकंपासाठी तो मजबूत करताना जुनी रिव्हेटं काढून तिथे उच्चताण बोल्टच घातले.

आता तुमच्या मूळ आक्षेपाकडे येते. तुम्ही बोल्टला खुंटीसारखं बघता. म्हणजे प्लेट सरकायला लागली की बोल्टाच्या दांड्यावर अडणार. मी बोल्ट त्या कामाला ठेवलेलाच नाही. ८.८ ग्रेडचा १६ मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला तर तो दोन प्लेटींना सुमारे सात टनांनी दाबून धरतो. एक बोल्ट, सात टन. प्लेटी एकमेकींवर सरकत नाहीत त्या या दाबामुळे झालेल्या घर्षणानं. बाहेरून ओढणारा जोर आला, तर तो आधी प्लेटींवरचा दाब हलका करण्यात खर्च होतो. बोल्टाच्या वाट्याला साधारण पाचवा हिस्सा येतो, कमीही येतो. त्यामुळे कोटभर हिसके चाळणीला बसतात, बोल्टाला त्यांची जेमतेम चाहूल लागते. आणि नट नुसत्या हिसक्यांनी फिरत नाही. जर्मनीच्या गेरहार्ड युंकरनं १९६९ मध्ये प्रयोगानं दाखवलं की सांधा आडवा सरकला, की आट्यांमधलं घर्षण त्या सरकण्यात खर्ची पडतं आणि आट्यांचा उतार नटाला मागे फिरवतो. सांधा सरकूच दिला नाही, तर नटाला फिरायचं कारण उरत नाही. दाब टिकेल तोवर हा सांधा टिकेल.

साशंक : तुझा सगळा डोलारा त्या ‘तोवर’वर उभा आहे. सात टन आहेत की नाहीत, हे तुला कळणार कसं? तू लिहिणार २२० न्यूटन-मीटर टॉर्क. पोरगं टॉर्क रेंच लावणार, कट् आवाज आला की झालं. त्या २२० पैकी निम्मा जोर नटाच्या तोंडाखालच्या घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत जातो. बोल्ट ताणायला पोचतो तो दहावा हिस्सा. आट्यांना तेल लागलेलं असेल तर बोल्ट भलताच ताणला जातो, गंज असेल तर निम्म्यावर अडतो, आणि रेंच दोन्ही वेळा तसाच कट् वाजतो. रेंच चांगला, हात चांगला, तरी ताण पंचवीस-तीस टक्के वरखाली. हे तुझ्याच पुस्तकातलं आहे.

आता पुस्तकात नसलेलं ऐक. तुझी साइड प्लेट १२ मिलिमीटरची, क्रॉस मेंबरचं फ्लँज १२ चं. मध्ये २४ मिलिमीटर पोलाद. तुझा बोल्ट सात टनांना ताणला की त्या २४ मिलिमीटरमध्ये किती लांबतो? मिलिमीटरचा विसावा भाग. पॉइंट शून्य पाच. माझ्या डोक्यावर उरलेल्या केसाची जाडी याच्याहून जास्त भरेल. आणि तुमच्या फॅब्रिकेशनवाल्यानं काय केलेलं असतं? गंज नको म्हणून जोडायच्या आधीच दोन्ही प्लेटींना आतल्या अंगानं प्रायमर, वर इनॅमल. नटाखालीही रंग. चार पदर झाले. क्रशर चालू झाला, सांधा तापला, रंग दाबाखाली हळूहळू बसला. पॉइंट शून्य तीन बसला तरी तुझ्या सात टनांतले चारेक टन गेले, आणि नट अंशभरसुद्धा फिरला नाही! तुम्ही नटावरून प्लेटवर पिवळ्या मार्करची रेघ मारता ना? आठ दिवसांनी बघितलं तर रेघ जागच्या जागी, पोरगं म्हणतं सगळं ओके. रेघ नट फिरला का ते सांगते. ताण गेला का हे रेघेला कुठून कळणार?

रिव्हेट निदान खोटं बोलत नसे. जुन्या पुलांवर तपासणारा माणूस डाव्या हाताचं बोट रिव्हेटच्या डोक्याच्या कडेला असं टेकवायचा, की अर्धं बोट डोक्यावर, अर्धं प्लेटवर. उजव्या हातानं दुसऱ्या कडेवर लहान हातोडीची टपली. रिव्हेट ढिलं असेल तर बोटाला झिणझिणी यायची. शिवाय ढिल्या रिव्हेटखाली पावसाळ्यानंतर गंजाचा तांबडा ओघळ दिसायचा, खालून चालणाऱ्यालासुद्धा. तुझा बोल्ट आतून रिकामा झाला तरी चेहऱ्यावर काही दाखवत नाही.

उत्साही : रंगाचं मान्य. विनाअट मान्य. सांध्याची तोंडं कोरी ठेवायची, शॉट ब्लास्ट केलेली, हे ड्रॉइंगवर ठळक लिहायलाच हवं. २४ मिलिमीटरची पकड १६ च्या बोल्टाला फार आखूड आहे, हेही खरं. व्यासाच्या तिप्पट-चौपट तरी लांबी हवी. नटाखाली जाड पोलादी बुश घालून मी ती ६४ पर्यंत नेईन. मग बोल्ट पावणेतीनपट लांबेल, आणि रंग किंवा खरखरीतपणा थोडा बसला तरी पकड जाणार नाही. एवढं करून एक गोष्ट मात्र मी काढून टाकणार आहे, आणि तुम्हाला ती आवडायची नाही. स्प्रिंग वायसर.

साशंक : स्प्रिंग वायसर काढणार? हिसके खाणाऱ्या मशीनवर?

उत्साही : हो. सात टनांखाली तो वायसर पहिल्याच फेऱ्यात चपटा होतो. त्याच्या स्प्रिंगचा जोर त्या मानानं नगण्य. चपटा झाला की तो साधा वायसरच. वर आणखी एक तोंड, आणखी थोडं बसणं. अमेरिकेच्या नासानं १९९० मध्ये फास्टनरवर काढलेल्या हस्तपुस्तिकेत त्याला लॉकिंगच्या कामात निरुपयोगी म्हटलं आहे. युंकरच्या मशीनवर तो लावून बघितला तरी ताण उतरायचा तसा उतरतोच. त्याच्यापेक्षा कडक केलेला सपाट वायसर बरा.

(या एका वायसरवरून कुठल्याही वर्कशॉपात तासभर भांडण लावता येतं. लेखकाचं मत उत्साहीच्या बाजूनं आहे. पण ज्यानं तीस वर्षं स्प्रिंग वायसर घातले आणि ज्याची मशीनं चालली, त्याला हस्तपुस्तिका दाखवून काही होत नाही.)

साशंक : बरं, काढ. तुझी चाळण कारखान्यातून अगदी पुस्तकातल्यासारखी निघाली असं धरू. तोंडं कोरी, बुश जागेवर, ताण बरोबर. सहा महिन्यांनी क्रॉस मेंबर झिजला. तो बदलायला बोल्ट उघडले. ते परत घालताना काय घालणार? १० जून १९९० ला इंग्लंडहून स्पेनला निघालेल्या एका प्रवासी विमानाची कॉकपिटची काच हवेत उडून गेली. कॅप्टन अर्धा बाहेर. बाकीच्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. आदल्याच दिवशी ती काच नवी बसवली होती, ९० बोल्ट लावून. त्यातल्या ८४ बोल्टांचा व्यास पाऊण मिलिमीटरहूनही थोडा कमीच फरकानं लहान होता. उरलेले सहा लांबीला कमी. ज्यानं बसवले तो अडाणी नव्हता, रात्रीच्या पाळीचा अनुभवी माणूस. त्यानं जुना बोल्ट हातात धरून नजरेनं जुळवला. हे विमानात होतं, जिथे प्रत्येक बोल्टाला नंबर असतो. क्रशरवर काय होईल? तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये ‘सोळाचे द्या, चांगले द्या’ म्हणून मिळतील ते. कोणी तर स्टेनलेसचे घालेल, चकचकीत दिसतात म्हणून. आणि बाजारात मिळणारा नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा लवकर लांबून ढिला होतो, हे त्याला कोण सांगणार? तुझं उघडता येणं म्हणजे चुकायला दिलेलं दार आहे.

उत्साही : ठीक आहे. मग तुमच्या मनातलं रिव्हेट, पण आजचं. लॉकबोल्ट. बाजारात त्याला हक बोल्ट म्हणतात. त्याला आटे नाहीत, गोल खाचा आहेत, म्हणून उलटं फिरण्याचा प्रश्नच संपला. हायड्रॉलिक गन पिनला खेचते, प्लेटी दाबल्या जातात, मग तीच गन कॉलरला खाचांत चेपते आणि पिनची शेपटी तुटून हातात येते. पकड ठरते खेचण्यावर. घर्षणाचा जुगार नाही, तेल-गंजाची भानगड नाही. आणि झालं की नाही हे लांबून दिसतं. कॉलर चेपलेली आहे, शेपटी तुटलेली आहे, संपलं. चाळणींच्या साइड प्लेटला जगभर हेच वापरतात, ते उगाच नाही. तुम्हाला न उघडणारा सांधा हवा होता ना? घ्या.

साशंक : आता मी तुला उलटं सांगतो, आणि मला स्वतःलाच ते आवडत नाही. मी सुरुवातीला म्हणालो, जे उघडायचं नाही ते उघडता येईल असं करू नये. पण क्रशरवर न उघडणारं असं काही नसतंच. दगड आहे तो. क्रॉस मेंबर झिजणार, फ्लँजला चीर जाणार, आणि ते बदललंच पाहिजे, तेही आज रात्री, कारण उद्या रस्त्याच्या कामाला खडी द्यायचीय. हायड्रॉलिक गन कोणाकडे? तुमच्या कारखान्याकडे, दीडशे किलोमीटरवर. कॉलर कापायचं हत्यारही तिथेच. इथे काय आहे? गॅस कटर. तो कॉलर जाळणार, पिन घणानं ठोकून काढणार, आणि भोकाच्या कडेला प्लेट जळून कडक होणार, वर एक खाच राहणार. तू जिच्या नावानं वेल्डला शिव्या घातल्यास तीच खाच. आणि त्या भोकात मग काय जाणार? हार्डवेअरमधला बोल्ट.

उत्साही : म्हणजे तुमचा आक्षेप बोल्टाला नाही, रिव्हेटला नाही, लॉकबोल्टालाही नाही. पहिल्यांदा सांधा मी ठरवते, दुसऱ्यांदा तो क्रशरवाला ठरवतो, आणि तुम्हाला भीती आहे ती त्या दुसऱ्याची. मग माझं ड्रॉइंग तिथून मागे यायला हवं. झिजणाऱ्या क्रॉस मेंबरला बोल्ट, कायमच्या जागी लॉकबोल्ट. बोल्टांचा जादा संच चाळणीबरोबरच द्यायचा, डोक्यावर ८.८ चा छाप असलेला. आणि बिघडू शकणारी गोष्ट बोल्ट नाही, भोक आहे. बोल्ट फेकता येतो, साइड प्लेटमधलं भोक फेकता येत नाही. १६ च्या बोल्टाला १८ चं भोक. आपल्या आयएस ८०० मध्ये मशीननं कापलेल्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत किमान भोकाच्या व्यासाच्या दीडपट अंतर सांगितलंय, म्हणजे २७ मिलिमीटर. मी ३३ ठेवते. म्हणजे भोक खराब झालं, तर ते २२ पर्यंत रीम करून २० चा बोल्ट घालायला जागा राहील. साइड प्लेटला दोन-चार किलो वजन वाढेल, एवढंच.

साशंक : वजनाचं सोड. ३३ ची जागा बघून तो २० चा बोल्ट घालणार, हे तू बरोबर ओळखलंस. पण तो आवळणार किती? त्याच्याकडे २२० ला सेट केलेला रेंच आहे, आणि तेवढंच त्याला माहीत आहे. २० च्या बोल्टाला तोच टॉर्क दिला तर पकड साडेपाच टनच येते. १६ च्या सात टनांपेक्षा कमी! आणि जाड बोल्ट त्या जोराला लांबतो निम्माच, म्हणजे तुझी पकड पहिल्याहून लवकर जाणार. त्याला वाटणार, मोठा बोल्ट घातला, आता बघायला नको. त्याला पूर्ण ताणायचा तर ४४० न्यूटन-मीटर लागतात.

उत्साही : पण २७ ठेवलं तर काय होईल? भोक खराब झालं, मोठा बोल्ट बसत नाही. तो हात जोडून उभा राहील असं वाटतं तुम्हाला?

साशंक : नाही. वेल्ड मारेल.

उत्साही : साइड प्लेटवर.

साशंक : साइड प्लेटवर. आणि तुझ्या बुशा पहिल्या उघडण्यातच खडीच्या ढिगात गेलेल्या असतील, तेही धर.

उत्साही : मग २७ म्हणजे वेल्ड, ३३ म्हणजे अर्धवट आवळलेला २० चा बोल्ट. वेल्डची चीर साइड प्लेटमध्ये शिरते, प्लेटच जाते. ढिला बोल्ट निदान आधी खडखडतो, भोक लांबट करतो, बुकटी सांडतो. दोन्हींत मला तो परवडेल. ३३ ठेवते. १६ ला २२०, २० ला ४४०, हे दोन्ही आकडे साइड प्लेटवर, गाळ बसत नाही अशा जागी पंच करून देते. रंगाखालीसुद्धा वाचता येतील असे.

साशंक : दे. पण ढिला बोल्ट आधी खडखडतो यावर तू भरवसा ठेवतेयस, आणि चाललेल्या क्रशरशेजारी कोणाला काय ऐकू येतं, ते एकदा येऊन बघ. ४४० चा रेंच तर त्याच्याकडे नाहीच. तो कोणी द्यायचा, हे ड्रॉइंगवर कुठल्या रकान्यात लिहिणार आहेस?

उत्साही : तसा रकाना नाही. किंमतपत्रकात टाकते. विक्रीवाले तो पहिल्या वाटाघाटीतच खोडतील, हेही मला माहीत आहे.